पहिला घाणा

आत्या डुक्कर खात नाही. त्यामुळे शांघायमधल्या माझ्या घराजवळच्या शेंगजियानच्या, म्हणजे डुकराचं सारण भरून तव्यावर तळलेल्या गोळ्यांच्या, दुकानाबद्दल तिला काही मत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरात ती तीन आठवडे माझ्याकडे राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्याहारीसाठी थांबलो, ती माझ्याबरोबर तव्यासमोर उभी राहिली आणि आमचा वाद सुरू झाला. तो तीन आठवडे चालला, आणि नंतर फोनवरही.

वाद गिऱ्हाइकाच्या मताचा होता. कुणाचं मत धरायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं?

आत्या लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा काका, म्हणजे तिचे यजमान, साचेखात्यात होते. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातले बरेचसे पुन्हा गिरणीच्या दारात गेलेच नाहीत. काकाही गेले नाहीत. त्या वर्षीचा पावसाळा सरला तसा आत्याने करी रोड स्टेशनबाहेर वड्याची गाडी लावली, ती २००९ पर्यंत चालवली. सत्तावीस वर्षं ती कढईच्या आतल्या बाजूला उभी होती. मी जन्मभर बाहेरच्या बाजूला, हातात पैसे घेऊन.

दुकान यांगपू भागात, एका जुन्या गल्लीच्या तोंडाशी आहे. रुंदी एका दरवाजाएवढी. रस्त्याला लागून शेगडी, तिच्यावर सपाट बुडाचा काठाचा लोखंडी तवा, आमच्या घरच्या परातीच्या दुप्पट. आत चार स्टुलं. पन्नाशीची मालकीण पुढे तव्यावर, तिचा नवरा मागे पीठ तोडून लाट्या करत बसलेला.

"हे उकडतायत की तळतायत?" आत्याने विचारलं.

"दोन्ही. शेंग म्हणजे कच्चं, जियान म्हणजे कमी तेलात तळणं. आधी उकडून घेत नाहीत. कच्चेच तव्यावर मांडतात. खालून तळले जातात, वरून वाफेवर शिजतात."

"आणि हा पदार्थ म्हणजे काय, मोमो का?"

"इथले लोक याला मांतोउ म्हणतात. बाकीच्या चीनमध्ये मांतोउ म्हणजे सारण नसलेला नुसता उकडलेला गोळा. सारण भरलेल्यालाही मांतोउ म्हणायची जुनी सवय इकडची. आणि ते पलीकडचे करंजीसारखे आहेत ना, ते गुओत्ये. त्याचा अर्थ तव्याला चिकटलेलं."

आत्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती मालकिणीच्या बोटांकडे बघत होती. लाटी तळहातावर, सारणाचा गोळा मध्ये, आणि अंगठा जागचा न हलवता कडेने भराभर कळ्या. मोदकाला घालतो तशाच, फक्त अर्ध्या वेळात. मग गाठ बंद करून ती उलटी केली आणि गाठीची बाजू खाली घालून तव्यावर ठेवली.

"नाक खाली?" आत्या म्हणाली. "एवढ्या सुबक कळ्या घातल्या आणि दिसायला नकोत?"

"काही जण वर ठेवतात. ही खाली ठेवते. गाठीशी पीठ जाड असतं, ते तळून कडक होतं आणि आतला रस गळत नाही. वरचं आवरण पातळ राहतं."

चाळीसेक नग बसले. दोन मिनिटांनी तिने वाडगाभर पाणी तव्यात सोडलं, केवढा तरी फुत्कार झाला, आणि लाकडी झाकण पडलं. मग सांडशीने काठ धरून ती तवा थोडा थोडा फिरवायला लागली, मधली आच कडेच्या नगांनाही मिळावी म्हणून. आत्याने डोळे मिटले. मला वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

"अजून खळखळ आहे," ती म्हणाली. "पाणी आहे अजून." थोडा वेळ गेला. "आता चुरचुर लागली. आता काढेल बघ."

मालकिणीने झाकण काढलं. तीळ टाकले, कांद्याची पात टाकली.

मी इंजिनीअर आहे. तव्यात पाणी आहे तोवर उष्णता त्याची वाफ करण्यात जाते आणि तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की तेल तापतं आणि मगच बुड तांबूस होतं, हे मला ठाऊक होतं. पण चार वर्षं तिथे खाऊन मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

रांगेत आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चार नग घेतले, एकाला कडेने छोटं भोक पाडलं, आतला गरम रस आधी चमच्यात ओतला आणि मालकिणीला मोठ्याने काहीतरी सुनावलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"काय म्हणाले ते?"

"रस फार आहे. खरं शेंगजियान असं नसतं म्हणाले."

"मग कसं असतं?"

ते तिला सांगायला मला दोन दिवस लागले, कारण तो प्रश्न शांघायमध्ये घराघरात भांडणाचा आहे. इथे दोन परंपरा आहेत. जुन्या परंपरेचं नाव घेतलं की लोक दा हू चुनकडे बोट दाखवतात. ते दुकान १९३२ चं. तिथलं पीठ पूर्ण आंबवलेलं, फुगलेलं, पावासारखं. सारणात नुसतं मांस. रस असतो तो मांसाचा स्वतःचा, आवरणात जिरलेला. दुसऱ्या परंपरेत डुकराचं कातडं तासन्‌तास उकळून त्याचा रस थंड करतात. तो खरवसासारखा थिजतो. त्याचे बारीक तुकडे सारणात मिसळतात आणि तव्यावर ते वितळून आत सूप होतं. ही पद्धतही जुनीच आहे, पण आजच्या पिढीच्या तोंडी तीच चव बसली आहे, आणि त्याला १९९४ मध्ये वूजियांग रोडवर सुरू झालेल्या श्याओयांग या दुकानाचा मोठा हातभार आहे. पातळ आवरण, भरपूर रस, कुरकुरीत बुड. पुढे २०१० च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास तो खाऊगल्लीचा रस्ता नव्याने बांधला गेला आणि श्याओयांगच्या शाखा शहरभर झाल्या.

"म्हणजे आजोबा फुगलेल्या पिठावर वाढलेले," आत्या म्हणाली, "आणि ही रसवाले करते. मग तिची चूक काय?"

"काहीच नाही. म्हणूनच म्हणतो, असल्या मताला अर्थ नाही. कोल्हापुरी मिसळीच्या दुकानात जाऊन पोह्यांची मिसळ का नाही म्हणून भांडण्यासारखं आहे ते."

"ते रोज येतात का?"

"मी आल्यापासून तरी रोज बघतोय. चार वर्षं."

"मग अर्थ आहे," आत्या म्हणाली. "चार वर्षं रोज पैसे मोजून, रोज खाऊन, रोज बोलतोय तो माणूस. तो मत देत नाहीये. तो तिच्याशी नातं ठेवून आहे."

मला हे पटलं नाही, आणि आजही पुरतं पटलेलं नाही.

शांघायमध्येच २००३ साली द्यानपिंग नावाची सेवा सुरू झाली. गिऱ्हाइकांनी खाणावळींना गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. अशी सोय जगात फारशी कुठे नव्हती तेव्हाची गोष्ट. आज इथला माणूस अनोळखी गल्लीत शिरायच्या आधी ते बघतो. मी संध्याकाळी आत्याला त्या दुकानाबद्दल लोक काय म्हणतात ते सांगितलं. कुणी म्हणत होतं, बुड दगडासारखं. कुणी म्हणत होतं, बुड मऊ पडलेलं. एकीची जीभ भाजली होती. एकाला रस गार लागला होता. एक म्हणत होता व्हिनेगर फुकट हवं तेवढं घेता येतं म्हणून येतो. ते झेनजियांगचं काळं व्हिनेगर, आपल्या चिंचेच्या कोळाइतकं गडद आणि वासाला गोडसर.

"एकाच तव्यातले?" आत्याने विचारलं.

"एकाच."

"मग सगळे खरं बोलतायत." ती उठून बसली. "झाकण काढल्याबरोबर घेईल त्याची जीभ भाजणार. तवा रिकामा होत आला की शेवटचे चार गार होणार. कडेचा नग वेगळा, मधला वेगळा. आणि बुड मऊ कधी पडतं? डब्यात बंद केलं की. स्वतःच्याच वाफेने भिजतं ते. माझा वडा कागदात घट्ट गुंडाळून कल्याणपर्यंत नेला आणि मग म्हणाले कुरकुरीत नाही, तर मी काय करू?"

बरोबर होतं ते. 'मऊ' म्हणणाऱ्यांतले बहुतेक घरपोच मागवणारे होते. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, पिवळ्या जाकिटातला पोऱ्या दुचाकी चालू ठेवून उभा होता, मालकीण डब्याचं झाकण अर्धवट लावत होती आणि तो घाईने ते दाबून बंद करत होता. वाटेत सांडलं तर पैसे त्याच्याकडून कापतील ही त्याला धास्ती. तिला बुडाची धास्ती. आणि जो तिसऱ्या मजल्यावर बसून मत देणार, त्याला या दोघांपैकी कुणीच दिसणार नाही.

"म्हणून म्हणते," आत्या म्हणाली, "मत तव्यासमोर उभं राहून द्यावं. तोंडावर. आणि उद्या परत यायची तयारी असेल तरच द्यावं."

"म्हणजे एकदाच येणाऱ्याने बोलायचंच नाही? त्याला भूक नाही? तो पैसे कमी मोजतो?"

"बोल की. पण निकाल देऊ नकोस."

मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी तिला माहीत होती पण या बाजूने माहीत नव्हती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली होती. हॉस्टेलजवळच्या एका खानावळीतलं पाणी. सहा आठवडे मी अंथरुणावर होतो, एक सत्र बुडालं. बरा होऊन परतलो तेव्हा कळलं की वरच्या वर्गातल्या मुलांना त्या पाण्याचं आधीपासून ठाऊक होतं. ते स्वतः तिथे पाणी पीत नसत. पण खानावळवाले काका उधारीवर जेवू घालायचे, परीक्षेच्या रात्री चहा द्यायचे. त्यांच्याबद्दल वाईट कसं बोलायचं?

"रोजच्या गिऱ्हाइकांना जीव लागला होता, आत्या. म्हणून कुणी बोललं नाही. एखादा परका बोलला असता तर मी वाचलो असतो. तू म्हणतेस ते नातं डोळ्यांवर पट्टी बांधतं."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला जे सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

गाडी लावून चारेक वर्षं झाली होती. एका सकाळी गर्दीतला एक माणूस, पुन्हा कधी न दिसलेला, वड्याचा घास घेऊन थांबला आणि म्हणाला, "बाई, तेल बदला." एवढंच. उरलेला वडा त्याने कठड्यावर ठेवला आणि लोकल पकडायला गेला. आत्याला संताप आला. तेव्हा तेलाचा डबा म्हणजे तीन दिवसांची कमाई. रोजच्या माणसांपैकी कुणी काही म्हणालं नव्हतं. दिवसभर ती त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत राहिली. रात्री कढई उतरवताना तिने तेलात पळी बुडवून वर धरली. थेंब पडायला वेळ लागला. ते मधासारखं चिकट झालं होतं.

"रोजच्यांना का नाही कळलं?" ती म्हणाली. "त्यांनाही माझ्यासारखीच सवय होत गेली. रोज थोडं थोडं खराब झालं तर जीभ बरोबर खाली उतरते."

"मग परक्याचं मत धरायला हवं ना?"

"त्याने तोंडावर सांगितलं रे. निघून गेला, पण मला सांगून गेला. गावभर सांगत नाही बसला."

"आणि तू ऐकलं नसतंस तर? मग गावभर सांगितलेलंच बरं. हॉस्टेलात आम्हाला तेच हवं होतं."

इथे आम्ही दोघं अडलो. या मुद्द्यावर मी मागे हटायला तयार नव्हतो, कारण या देशात राहून खाण्याची भीती काय असते ते मी पाहिलं आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये शांघायच्या सुपरमार्केटमध्ये विकले जाणारे पाकीटबंद मांतोउ जुने, मुदत संपलेले, पुन्हा पिठात कालवून रंग घालून नव्याने केलेले निघाले. त्याच सुमाराला गटारात टाकलेलं तेल उपसून, गाळून पुन्हा विकणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या जात होत्या. ज्याने एकदा असलं ऐकलं आहे तो टपरीपुढे उभा राहिला की आधी कढईतला रंग बघतो.

"पाकीटबंद होते ना ते?" आत्या म्हणाली. "यंत्रावरचे? तारीख छापलेले?"

"हो."

"आणि हिचा नवरा बघ, आपल्यासमोर पीठ तोडतोय. सारणाचं पातेलं तुझ्या डोळ्यासमोर. तेलाचा डबा पायाशी. लपवायला जागा तरी आहे का तिथे? स्टेशनवरही हेच होतं. लोक म्हणायचे गाडीवरचं खाऊ नये. अरे, गाडीला स्वयंपाकघराचं दार नसतं, हाच गाडीचा गुण."

तिने भिंतीवरची एक पाटी दाखवली. हिरवा हसरा चेहरा. शांघायचे अन्नतपासनीस दुकानाला भेट देऊन हसरा, साधा किंवा दुर्मुखलेला चेहरा देऊन जातात आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. आत्याला ती पाटी फार आवडली. वाचता न येणाऱ्या माणसालाही समजणारं सरकारी कागदपत्र तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. मी म्हटलं, हासुद्धा परक्याचाच निकाल आहे. ती म्हणाली, "हो, पण आत येऊन, झाकण उघडून दिलेला." एवढं तिने सोडलं, आणि मी तिच्या 'तोंडावर'बद्दल एवढं मान्य केलं की आत वाकून बघणाऱ्याच्या आणि जिन्यात डबा उघडणाऱ्याच्या शब्दाला सारखं वजन नसावं.

भावाच्या बाबतीत मात्र आमचं लगेच जमलं. शेंगजियान वजनावर मागतात, एक लियांग, दोन लियांग. लियांग म्हणजे पन्नास ग्रॅम, आणि एका लियांगला चार नग येतात. मी नवा असताना एकदा तराजूवर ठेवून पाहिले आणि चार नग भलतेच जड भरले. फसवणूक उलटी कशी, मला कळेना. शेजारच्या माणसाने सांगितलं, ते वजन पदार्थाचं नाही, पिठाचं. १९५५ ते १९९३ पर्यंत इथे धान्याची कुपनं होती. बाहेर खायचं तरी पैशांबरोबर कुपन द्यावं लागे, म्हणून प्रत्येक पदार्थाला किती पीठ लागलं हे बोलायची सवय पडली. कुपनं गेली, बोलणं राहिलं.

"आपलं रेशनकार्ड," आत्या म्हणाली. "साखर आली का, पामतेल आलं का." आणि मग मालकिणीकडे वळून मला म्हणाली, "भाव वाढवला की काय म्हणतात इथे?"

तो प्रश्न मी भाषांतर करून मालकिणीला विचारला. ही आमची तिच्याशी पहिली खरी बातचीत. ती तवा फिरवतच बोलली. भाव एक युआनने वाढवला की रोजचे म्हातारे आठवडाभर बोलत नाहीत. चार दिवस समोरच्या पावाच्या दुकानात जातात. मग येतात. भाव न वाढवता नग लहान केला तर मात्र कायमचे जातात. तिच्या सासूने हे एकदा करून पाहिलं होतं.

सासूनेच दुकान काढलं होतं. त्या कापडगिरणीत होत्या, यांगशूपू रोडवर, नदीकाठी. १९९० च्या दशकात शांघायच्या सरकारी गिरण्यांनी लाखो कामगार कमी केले. १९९८ च्या जानेवारीत तर चात्या मोडीत काढायच्या देशभरच्या मोहिमेतला पहिला घण शांघायमध्येच समारंभाने मारला गेला. सासूबाईंना त्याच्या दोन वर्षं आधी घरी पाठवलं होतं. हातात थोडी रक्कम आली, तिचा तवा घेतला. त्या रस्त्यावरच्या सतराव्या नंबरच्या गिरणीत आता कपड्यांची झगमगीत दुकानं आहेत.

मी हे मराठीत सांगत गेलो आणि आत्याने माझा दंड धरला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचं काय झालं ते आम्हा दोघांना सांगायची गरज नव्हती.

"तिला सांग," आत्या म्हणाली, "माझा नवरा साचेखात्यात होता."

साचेखात्याला चिनी शब्द मला येत नव्हता. मी हातांनी धोटा इकडून तिकडे टाकून दाखवला. मालकीण मान डोलवत म्हणाली, सासूबाई कांडीवर होत्या. म्हणजे तिनेही हातांनीच दाखवलं, बोटांनी सूत गुंडाळून, आणि आत्याला ते माझ्याआधी कळलं.

त्यानंतर आत्या रोज सकाळी माझ्याशिवायच तिथे जाऊन उभी राहायला लागली. खायचं काही नाही, भाषा येत नाही, तरी तासभर. एकदा मी ऑफिसला निघताना पाहिलं तर ती पातीची जुडी निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "न खाता तुला मत आहे, आणि खाऊन लिहिणाऱ्यांना नसावं, हा कुठला न्याय?"

"चवीचं मत नाहीच मला. ते तुझं," ती म्हणाली. "मला हाताचं मत आहे. सकाळी सातला ती बुड जरा कमी तळते, बघितलंस? आणि नऊनंतर जास्त."

मी बघितलं नव्हतं. मालकिणीला विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. सातला म्हातारे येतात, त्यांचे दात. नऊला ऑफिसवाले, त्यांना कुर्रकन आवाज हवा असतो. दगडासारखं आणि मऊ, दोन्ही तक्रारींचं आणखी एक कारण माझ्या नाकासमोर होतं आणि ते दोन्ही वेळा मालकिणीने जाणूनबुजून केलेलं होतं. तिने एकेका गिऱ्हाइकाचं मत इतक्या वर्षांत तव्यात उतरवलं होतं. त्यांतलं एकही कुठे लिहिलेलं नव्हतं. हे मी आत्याच्या बाजूने लिहितो आहे, कारण ते तिच्या बाजूचं आहे.

जायच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाली, "एक विचार तिला. पहिला घाणा कुणाला देते?"

"म्हणजे?"

"पहाटे तवा पहिल्यांदा तापतो तेव्हा तो बसलेला नसतो. कुठे चिकटतं, कुठे करपतं. पीठही रोज सारखं नसतं. मी पहिले वडे कधी विकले नाहीत. तिचं काय?"

मी विचारलं. मालकिणीने मागे नवऱ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. "आमची न्याहारी," ती म्हणाली. आत्याने मान हलवली आणि त्या विषयावर पुढे एक शब्द बोलली नाही.

२०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत शांघाय बंद होतं. नदीच्या आमच्या बाजूला १ एप्रिलपासून कुणाला घराबाहेर पडता येत नव्हतं. आत्या रोज संध्याकाळी फोन करायची. तांदूळ आहे का, औषधं आहेत का, आणि मग हमखास, "तिचं दुकान?" मला काय माहीत असणार? खिडकीतून गल्लीचं तोंड दिसायचं नाही. दोन महिने मी तोच तो कोबी खाल्ला, आणि खरं सांगतो, मला सर्वांत जास्त आठवण यायची ती चवीची नाही. पाणी संपून चुरचुर लागायच्या क्षणाची यायची.

१ जूनला शहर उघडलं. मी चौथ्या दिवशी गेलो. शटर अर्धं वर, पुढे टेबल आडवं लावलेलं. बसून खायला जूनच्या अखेरीपर्यंत परवानगी नव्हती, फक्त बांधून न्यायचं. रांगेत रसावरून बोलणारे ते आजोबा होते, बरेच वाळलेले. ते त्या दिवशी रसाबद्दल काही बोलले नाहीत. मालकिणीने मला डबा दिला आणि झाकण स्वतःच उघडून ठेवलं. "इथेच कडेला उभे राहून खा," ती म्हणाली. "घरी नेलंत तर बुड जाईल."

मी फुटपाथवर उभं राहून आत्याला फोन लावला. भारतात सकाळचे साडेपाच वाजले असतील. ती जागीच होती.

"उघडलं का?" तिने विचारलं.

"उघडलं. हातात आहे माझ्या."

"पहिला घाणा कुणी खाल्ला, विचार."

मी वळून विचारलं. मालकीण तवा घासत होती. दोन महिन्यांच्या दमट हवेत तवा गंजला होता, दोन दिवस तेल लावून लावून तापवला तेव्हा कुठे ताळ्यावर आला, ती म्हणाली. आणि हातही बसत नव्हता. कळ्या नीट पडेनात. "पहिल्या दिवशी पहिले दोन घाणे आम्हीच खाल्ले."

मी ते आत्याला सांगितलं.

"दोन?" ती म्हणाली. थोडा वेळ लाइनवर नुसता आवाज होता. "बरं. मग खा तू. गार होतील."